ट्रॅम्पोलीनवर एका वेळी एकच

जमिनीवर राहणाऱ्या प्रत्येक प्राण्याला कधी ना कधी पडावंच लागतं. पण नीट पडता यावं म्हणून आधी वर जाण्याची सोय विकत आणणारा प्राणी एकच. ही सोय गोल असते. तिला बहात्तर स्प्रिंगा, एक काळं ताणलेलं कापड आणि भोवती उंच जाळी असते. अंगणात ती जेवढी जागा अडवते, तेवढ्याच जागेत पूर्वी मुलं फुकट पडत असत.

टिटवीच्या घरी ही सोय मामाने आणली. टिटवी म्हणजे चार वर्षं सात महिने वयाची, सोळा किलो वजनाची मुलगी. (कागदोपत्री नाव वेगळं आहे, पण तिचा आवाज एकदा ऐकल्यावर ते कोणी वापरत नाही.) वाढदिवस नव्हता, कसलं निमित्त नव्हतं. मामा निमित्त नसताना भेटी आणतो, आणि टिटवीच्या आईच्या मते निमित्ताशिवाय आलेल्या वस्तूवर दुप्पट लक्ष ठेवावं लागतं.

टिटवीच्या आईचं मत असंच हवेतून येत नाही. ती संख्याशास्त्राची पदवीधर आहे आणि छत्र्यांच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते. दर शंभर छत्र्यांमधली एक ती मोडेपर्यंत उघडते आणि मिटते. त्यामुळे जगातली प्रत्येक धडधाकट वस्तू ही फक्त अजून न मोडलेली वस्तू आहे, हे तिला माहीत आहे. मुलाबाळांनाही हाच नियम लागू पडतो, हे ती बोलून दाखवत नाही. दाखवायची गरजही पडत नाही, चेहऱ्यावर दिसतं.

शिवाय मामाचा दात. ती अकरा वर्षांची आणि तिचा हा धाकटा भाऊ सात वर्षांचा असताना, "याच्याकडे बघ गं जरा," एवढं सांगून त्यांची आई आत गेली. ती तेव्हा पुस्तक वाचत होती. परिच्छेदाच्या सुरुवातीला भाऊ कुंपणाच्या भिंतीवर होता. परिच्छेद संपला तेव्हा नव्हता. समोरचा दात अर्धा गेला. त्या फटीतून मामा आजही झकास शिट्टी मारतो. तो ती आनंदाने मारतो. तिला मात्र प्रत्येक शिट्टीत आपल्यावरचं आरोपपत्र वाचून दाखवल्यासारखं वाटतं.

तर मामाने आणि टिटवीच्या बाबांनी दोन तासांत ट्रॅम्पोलीन उभं केलं आणि चार वस्तू उरल्या.

"कंपनी जास्तीच्या देतेच गं, ताई," मामा म्हणाला.

ताईने सगळं पुन्हा उलगडून त्यातल्या तीन वस्तू त्यांच्या जागी बसवल्या. चौथी बाबांच्या सायकलची निघाली. मग तिने सोबतची पुस्तिका उघडली. पुस्तिका अठ्ठेचाळीस पानी होती. जोडणी कशी करावी हे दोन पानांत होतं आणि उरलेल्या शेहेचाळीस पानांत आपण हे का विकत घ्यायला नको होतं ते सविस्तर सांगितलं होतं. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं की सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही.

"अगं, कंपन्या असलं स्वतःच्या बचावासाठी लिहितात!"

"मग मी कोणाच्या बचावासाठी वाचू?"

मामा शिट्टी मारत घरी गेला.

ऐकीव गोष्टींवर विसंबून राहायचं नाही म्हणून टिटवीच्या आईने गल्लीत पाहणी केली. गल्लीत ट्रॅम्पोलीनवाली घरं नऊ. तिने वहीत मांडलेले निष्कर्ष असे: एकूण अपघात चौदा. त्यांतले अकरा दोघं किंवा अधिक जण एकत्र उड्या मारताना झाले, आणि अकराही वेळा लागलं ते सर्वांत हलक्याला. (जड माणूस खाली येतो तेव्हा हलका वर जातो, आणि किती वर जायचं हे त्याला कोणी विचारत नाही.) उरलेल्या तिघांपैकी एक जण बेचाळीस वर्षांचा वडील होता; तो "मी दाखवतो कसं ते" असं म्हणाल्याचं तीन साक्षीदारांनी सांगितलं. जाळीबाहेर पडलेलं मूल एकच. बाकीचे सगळे आतल्या आत पडले. म्हणजे जाळीचा उपयोग एवढाच, की पडलेलं मूल शोधत हिंडावं लागत नाही.

फायदेही तिने तितक्याच निष्पक्षपणे नोंदवले. नऊच्या नऊ घरांनी सांगितलं, मुलं दमतात, भूक लागते, लवकर झोपतात. सात घरांनी सांगितलं, दुसऱ्या महिन्यापासून मुलं तिकडे फिरकत नाहीत. पाच घरांत त्यावर कपडे वाळतात आणि ते लवकर वाळतात.

वस्तू परत पाठवावी, तर टिटवीने तिला मिठी मारलेली. (बहात्तर स्प्रिंगांच्या वस्तूला चार वर्षांच्या मुलीला जेवढी मारता येते तेवढी.) तेव्हा वस्तू ठेवायची, पण शिस्तीत, असं ठरलं, आणि शिस्तीची जबाबदारी आजीने घेतली.

आजी म्हणजे टिटवीच्या बाबांची आई. एकतीस वर्षं शाळेच्या कार्यालयात लिपिक. निवृत्तीनंतर त्यांच्या हाताला काम नव्हतं आणि त्यांच्या शिक्क्यांना तर त्याहून नव्हतं. सून काळजी करते आणि सासू कागद करते, असा योग जुळला की काय घडतं, याचा अंदाज फक्त टिटवीच्या बाबांना होता. ते पाणीखात्यात नकाशे काढतात. जमिनीखाली कुठली नळी कुठे फुटणार हे त्यांना आधी कळतं. पण सांगून उपयोग नसतो, हेही कळतं.

उडी परवानगी समिती सोमवारी स्थापन झाली. अध्यक्ष आजी, सचिव आई, निमंत्रित सदस्य बाबा (मताचा अधिकार नाही, खुर्च्या मांडण्याचा आहे). टिटवीचा उल्लेख सर्व कागदपत्रांत "लाभार्थी" असा करायचा ठरला.

नियमावली पहिल्या आठवड्यात एक पान होती, तिसऱ्या आठवड्यात अकरा. नमुन्यादाखल काही नियम द्यायला हवेत. देखरेख करणाऱ्याने उडीवरून नजर हटवू नये. कापडावर एका वेळी एकच व्यक्ती. जेवणानंतर एक तास उडी नाही. जेवणाआधी अर्धा तास नाही (भुकेने चक्कर येते). चप्पल, मोजे, क्लिपा, खिशातले दगड बाहेर ठेवावेत. दगडांची पोच मिळेल. उडी मारताना गाणं म्हणू नये (जीभ). उडी मारताना बाजूला बघू नये (मान). उडीची उंची एक वीत. वीत आजीची धरावी. आणि शेवटचा नियम: प्रत्येक उडीची नोंद वहीत तत्काळ करावी.

शेवटच्या नियमाने जरा घोटाळा झाला. उडीची नोंद करायची तर वहीत बघावं लागतं, आणि वहीत बघायचं तर उडीवरून नजर हटते. पहिला नियम आणि शेवटचा नियम समोरासमोर उभे राहिले. दुसरीकडे कुठे असते तर एक नियम काढून टाकला असता; पण समिती म्हणजे समिती. एक माणूस वाढवण्यात आला. आता आई बघायची, आजी लिहायची. मग आईला शंका आली की आजी लिहिताना मध्येच वर बघतात आणि आकडा चुकतो. म्हणून आजीकडे बघायला बाबा. परवानगी मिळेल त्या संध्याकाळी साडेपाचला तीन मोठी माणसं एका गोल वस्तूभोवती उभी राहायची आणि मध्ये एक मुलगी वीतभर उडून थांबायची.

"लिहिलं का?"

"थांब, शाई सुकू दे. हलू नकोस."

"आज्जी, मी अजून खाली आले नव्हते."

"मग ती अर्धी उडी. अर्ध्या उडीला रकाना नाही. पुन्हा मार."

रस्त्यावरून जाणाऱ्या कोणीतरी विचारलं की इथे बोअर मारताय का.

समितीच्या पहिल्या महिन्याची आकडेवारी आजीने सुवाच्य अक्षरात काढली. लाभार्थीचे अर्ज एकतीस. मंजूर सहा. प्रत्यक्ष उड्या बावीस. अपघात शून्य. या शून्याकडे आई वारंवार बघायची. कारखान्यात असा शून्य तिने कधी पाहिला नव्हता. तो टिकावा म्हणून ती काहीही करायला तयार होती, आणि काहीही म्हणजे मुख्यतः अर्ज नामंजूर करायला.

अर्जांचं कारण मात्र एकतीस वेळा एकच होतं. टिटवीला फक्त "ट" लिहिता येतो. बाकीचा मजकूर ती सांगायची आणि बाबा लिहायचे. "कारण: पिल्लं बघणे. ट."

शेजारी घड्याळजी राहतात. मधली भिंत टिटवीपेक्षा दोन हात उंच. भिंतीपलीकडे त्यांच्या कुत्रीला पिल्लं झाली होती आणि ती दिवसभर कुईकुई करायची. घड्याळजींनी भिंतीवरून सांगितलं होतं, "टिटवे, महिन्याच्या शेवटच्या रविवारी पाच वाजता पिल्लं जाणार हं ज्याच्या-त्याच्या घरी. त्याच्या आत ये बघायला, दार उघडंच असतं."

दारातून जाण्याचा प्रस्ताव आईने पहिल्याच दिवशी फेटाळला होता. पिल्लांची आई चावते. ("चावली का कुणाला?" "अजून नाही." या "अजून"ला त्या घरात फार मान आहे.) बाबांनी सुचवलं, "मी खांद्यावर घेतो ना तिला. भिंतीवरून बघेल." समितीने यावरही गंभीरपणे विचार केला. खांद्याची उंची चार फूट दहा इंच. जाळी नाही, कडेला गादी नाही, आणि उचलणारं साधन छत्तीस वर्षं जुनं असून त्याची कंबर यावर्षी दोनदा धरली आहे. नामंजूर.

राहता राहिली उडी. उडीला परवानगी वीतभर, आणि भिंत वर दोन हात. शिवाय बाजूला बघायचं नाही.

"आई, लाभार्थीला पिल्लं कधी दिसणार?" टिटवीने एकदा जेवताना विचारलं.

"सहा वर्षांची झालीस की, राणी."

"तेव्हा ती कुत्री झाली असतील."

आईने तिच्या ताटात थोडं वाढलं. अवघड प्रश्न आला की ती वाढते.

त्यानंतर टिटवीच्या आईला दोन दिवस बरं वाटलं नाही. कारखान्यात एका छत्रीची काडी एकविसाव्या उघडझापीला तुटली आणि तिला उगाच वाटलं, ही बिचारी एकदाही पावसात गेली नाही. हे मत तिने अहवालात लिहिलं नाही. पण शेवटच्या रविवारी चार वाजता तिने समितीची विशेष सभा बोलावली. विषय एकच: उंचीची मर्यादा एका दिवसापुरती, लाभार्थीची नजर भिंतीपलीकडे पोचेल इतकी वाढवणे. वस्तूचा दाता म्हणून मामालाही बोलावणं गेलं.

अंगणात खुर्च्या मांडल्या गेल्या. टिटवी चप्पल काढून, खिशातले दगड जमा करून, ट्रॅम्पोलीनच्या पायरीवर बसली.

"चला, हात वर करा आणि सोडा पोरीला," मामा म्हणाला. "पाचला पिल्लं जाणार."

"असं कसं?" आजी म्हणाल्या. "मागच्या सभेचं इतिवृत्त वाचून कायम केल्याशिवाय पुढची सभा होत नाही. एकतीस वर्षांत कधी झाली नाही."

इतिवृत्त नऊ पानांचं होतं. सचिव या नात्याने आई वाचू लागली.

"झालं का?" टिटवीने तिसऱ्या पानावर विचारलं.

"होतंय, बाळा."

"झालं का?" सहाव्या पानावर.

"मध्ये बोलू नये," अध्यक्ष म्हणाल्या.

पलीकडे घड्याळजींचं फाटक वाजलं. कोणीतरी पिल्लू न्यायला वेळेआधीच आलं होतं. जाळीची चेन उघडल्याचा आवाजही झाला. पण तो कोणाच्या लक्षात आला नाही. त्या वेळी देखरेख कोणाकडेच नव्हती. सभेच्या वेळेत उडी नसते, म्हणून देखरेख नसते, असं वेळापत्रकात स्पष्ट होतं. आई सातव्या पानावर होती. "...नियम एक. देखरेख करणाऱ्याने उडीवरून नजर..."

कुईं-धप्प.

"...हटवू नये," तिने वाक्य पूर्ण केलं. एकदा हातात घेतलेलं वाक्य ती अर्धवट सोडत नाही.

कुईं-धप्प. कुईं-धप्प. तिला वाटलं, गल्लीतल्या दुसऱ्या कुठल्या घरची मुलं असतील. मग भिंतीच्या वर एक शेंडी दिसली आणि गेली. पुन्हा आली ती कपाळासकट. पुढच्या खेपेला डोळे.

"दिसलं!" धप्प. "तीन आहेत!" धप्प. "एक झोपलंय!" धप्प. "एकाच्या डोळ्याला काळं आहे!"

हवेत असताना तिला एकाच वाक्याचं बघता येत होतं, म्हणून बातमी हप्त्याहप्त्याने येत होती. मामा उभा राहिला. बाबा हसत होते. बिनमताचा माणूस हसू शकतो. आजीने सवयीने लेखणी उचलली आणि पहिल्यांदाच त्यांना कळेना, की हे कुठल्या रकान्यात.

आई मोजत होती. तिला न मोजता बघता येत नाही. एकोणीस उड्या, अपघात शून्य. लेकीचे केस मोकळे सुटले होते आणि चेहरा असा झाला होता, की तो नियमावलीतल्या एकाही पानावर आला नव्हता. विसावी उडी. एकविसावी. एकविसाव्या उडीला तिच्या डोळ्यांसमोर ती छत्रीची काडी आली.

आणि कोणतीही सुशिक्षित, दक्ष, प्रेमळ आई जे करील ते तिने केलं. ती मुलीला वाचवायला धावली. चप्पल काढली (नियमाप्रमाणे), पायरी चढली, जाळी बाजूला केली आणि बासष्ट किलो वजनानिशी त्या कापडावर उतरली.

पुढचं तिच्याच वहीत, अकराही वेळा, तिच्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

टिटवी वर गेली. समितीने मंजूर केलेल्या, समितीपुढे असलेल्या आणि समितीने कल्पना केलेल्या सर्व उंच्यांपेक्षा वर गेली. तिथून तिने पिल्लांकडे एकदा निवांत पाहून घेतलं असावं. मग ती खाली आली, नेमकी आईच्या कपाळावर, तोंडाने.

आई कापडावर बसली होती, मांडीत लेक, लेकीच्या ओठावर रक्त आणि आईच्या तळहातावर एक दुधाचा दात. टिटवीने जिभेने जागा चाचपली. मग रडायचं की नाही हे ठरवायला तिने सगळ्यांचे चेहरे बघितले. तिची नजर मामाच्या दातावर थांबली.

मामाला काय करावं ते सुचलं नाही, म्हणून त्याने शिट्टी मारली.

टिटवीने ओठ जुळवले. पहिल्यांदा नुसती हवा आली. दुसऱ्यांदा बारीक, वाकडी, पण शिट्टी वाजली, आणि भिंतीपलीकडून तिन्ही पिल्लं एकदम ओरडली.

"ताई," मामा जाळीला नाक लावून हळूच म्हणाला, "माझ्या वेळी तू निदान लांब तरी होतीस गं."

ताई आधी रडली आणि मग हसली. (क्रमाबद्दल साक्षीदारांत मतभेद आहेत.) मग ती उठली, लेकीला कडेवर घेतलं आणि फाटकातून, रस्त्यावरून, घड्याळजींच्या उघड्या दारातून सरळ आत गेली. अंतर एकवीस पावलं. अर्ज लागला नाही. पिल्लांच्या आईने टिटवीचा हात चाटला, मग आईचाही. पाचला पाच मिनिटं बाकी होती.

दातांच्या डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी म्हणाल्या की जबड्याला धक्का नाही, हा दात वर्षा-दीड वर्षाने असाही पडायचाच होता. त्यांनी आईच्या कपाळाकडे बघून, "आणि हे कसं झालं?" असं विचारलं, त्यावर टिटवीने शिट्टी मारून दाखवली.

नोंदवहीतली शेवटची नोंद आजीच्या अक्षरात आहे. "एकूण उड्या: एकवीस स्वतःच्या, एक आईची. अपघात: एक. त्या वेळी कापडावर व्यक्ती: दोन. लागलं: हलक्या व्यक्तीला (मोठ्या व्यक्तीला टेंगूळ). सर्वेक्षणाशी सुसंगत." खाली शिक्का.

समिती बरखास्त करताना आईने एक छोटा अहवाल लिहिला; समितीचा तोच एक कागद एका पानातच राहिला. ट्रॅम्पोलीन सहा वर्षांखालच्या मुलांसाठी नाही, हे पुस्तिकेने सांगितलेलं बरोबर होतं आणि आपण ते पाळायला हवं होतं. म्हणून ते दीड वर्षासाठी सुटं करून माळ्यावर ठेवलं आहे. (या वेळी एकही वस्तू उरली नाही.) त्यानंतर ते जरूर काढावं; भूक लागते, झोप येते आणि भिंतीपलीकडचं दिसतं. अटी दोनच: एका वेळी एकच, आणि जवळ एक मोठं माणूस, जे फक्त बघत असेल. लिहीत नसेल, मोजत नसेल, मध्ये उडी घेत नसेल. या दुसऱ्या अटीचं सामान खोक्यात येत नाही.

अहवालाच्या शेवटी तिने एकच सांख्यिकी निरीक्षण जोडलं आहे. तिच्या आयुष्यात तिच्या राखणीतलं मूल दोनदा पडलं. एकदा ती पुस्तक वाचत होती. दुसऱ्यांदा ते ट्रॅम्पोलीनवर चढलं तेव्हा ती नियम वाचत होती. दोन्ही वेळा मजकूर अत्यंत वाचनीय होता.

हा मजकूर इथवर वाचायला साधारण दहा मिनिटं लागतात. सुरुवात केलीत तेव्हा तुमच्या घरात आवाज येत होता. आता येतोय का बघा. येत असेल तर लांबूनच बघा. आणि येत नसेल, तर हे वाक्य पूर्ण करत बसू नका.